आश्रय मिळाला, स्थैर्याचे काय?

थंडीच्या मोसमात परळ परिसरात भरणारा तिबेटींचा स्वेटरबाजार मुंबईकरांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. लालबाग, दादर, गिरगावातील अनेक घरांत तेथील एखादा तरी स्वेटर सापडेल. मात्र हे कपडे विकणाऱ्या अनेकांजवळ मतदार ओळखपत्र नसून परदेशी म्हणून दिलेले, मुदत संपताच नूतनीकरण करावे लागणारे नोंदणीपत्र असते. दलाई लामांनी १९५९ मध्ये भारतात आश्रय घेतल्यानंतर सहा दशके उलटली, तरी ही स्थिती कायम आहे.

निर्वासितांच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांचे उच्चायुक्तालय तीन कायमस्वरूपी उपाय मानते: स्वेच्छेने मायदेशी परतणे, आश्रय देणाऱ्या देशात सामावून जाणे किंवा तिसऱ्या देशात पुनर्वसन. यांपैकी दोन उपाय महाराष्ट्राने एकाच छावणीत पाहिले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. महायुद्धानंतर त्यांतील अनेकांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत घर थाटले. त्यानंतर तेथे फाळणीत विस्थापित झालेले सिंधी आले आणि कापडाच्या घाऊक व्यापाराने गजबजलेले गांधीनगर उभे राहिले. कल्याणच्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. शीव कोळीवाड्यात पंजाबी निर्वासित स्थिरावले. त्यांच्या कष्टांना कायद्याचीही जोड होती. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने त्यांच्या नागरिकत्वाची वाट मोकळी केली होती.

तिबेटींना मात्र संरक्षण मिळाले, कायमस्वरूपी उपाय नाही. आज गोंदिया जिल्ह्यात असलेली नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ मध्ये वसली. केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने जमिनीचा भाडेपट्टा व कल्याणकारी योजनांचा लाभ देण्याची दिशा दाखवली. अंमलबजावणी मात्र राज्यांवर सोपवली. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान आहेत, तिबेट नाही.

२६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने नागरिक ठरतात, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. तथापि, पासपोर्ट हवा असेल तर नोंदणीपत्र रद्द करावे आणि वसाहत व तेथील सवलती सोडाव्यात, अशा अटी २०१७ मध्ये पुढे आल्या. नागरिकत्व की पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार, असा हा पेच आहे. शिवाय १९८७ नंतर जन्मलेल्या, आई-वडील दोघेही परदेशी असलेल्या तरुणांना ही वाटही खुली नाही.

पश्चिम आफ्रिकेतील घानाचा अनुभव येथे उद्बोधक ठरतो. लायबेरियातील यादवीतून आलेल्यांसाठी तेथे १९९० मध्ये बुदुबुराम छावणी उघडली. २०१२ मध्ये त्यांचा निर्वासित दर्जा संपुष्टात आला, तेव्हा मागे राहू इच्छिणाऱ्यांसाठी मधला मार्ग निघाला: लायबेरियाचा पासपोर्ट आणि पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या नियमांनुसार घानात वास्तव्याचा परवाना.

तिबेटींना असा पासपोर्ट देणारे मान्यताप्राप्त राज्यच नाही. त्यामुळे घानाची वाट येथे चालणार नाही. परतीचा मार्ग बंद आणि तिसरा देश मोजक्यांनाच शक्य, अशा स्थितीत स्वेटर विकणाऱ्यांच्या पुढच्या पिढीचा प्रश्न दिल्लीच्या निर्णयाशिवाय सुटणे कठीण आहे.