बेवारस वाहनांसाठी सामाईक आवार हवे

कर्जत व खालापूर तालुक्यांतील बाजाररस्त्यांच्या कडेस आणि चौक, खालापूर, खोपोली या बाजूने जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे मार्गालगत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या बेवारस वाहनांचा प्रश्न, तो कोणाच्या अखत्यारीतील या एकाच वादापायी लोंबकळत राहिला आहे. पालिकेकडे अर्ज करावा तर पोलिसांकडे बोट दाखविले जाते, पोलिसांकडे जावे तर वाहन ठेवण्यास जागा नाही असे उत्तर मिळते, आणि तोवर आणखी एक पावसाळा उलटतो. आमच्या आळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या अशाच एका टेम्पोची चाके चिखलात रुतली आहेत, क्रमांकाची पाटी कोणी काढून नेली आहे, हौद्यात टाकळा माजला आहे, आणि आत टाकलेल्या जुन्या टायरांतील पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत आहेत. डेंग्यूच्या डासाला याहून सोयीचे स्थान कोणते?

वास्तविक अधिकाराची वाण नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२७ व्या कलमान्वये सार्वजनिक जागी १० तास वा अधिक काळ सोडून दिलेले वाहन हलविण्याची अनुज्ञा गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो व तो खर्च मालकावर बसतो. पाटी नाहीशी झाली तरी चासीवरील क्रमांकावरून परिवहन कार्यालयाच्या दप्तरात मालकाचा शोध घेता येतो. जप्त वाहने पोलीस ठाण्यांच्या आवारात दीर्घकाळ कुजवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणी २००२ मध्येच बजावले आहे.

उणीव आहे ती जागेची व नोंदवहीची. कर्जत व खोपोली नगरपरिषदा आणि खालापूर नगरपंचायत यांना स्वतंत्र आवार परवडत नसेल, तर तिघींनी मिळून महसूल खात्याकडे एक सरकारी भूखंड मागावा. तो उल्हास व पाताळगंगा यांच्या पात्रांपासून दूर असावा, कारण मोडक्या इंजिनांतून झिरपणारे तेल पहिल्या सरीसरशी नदीस मिळते. प्रत्येक वाहनाचा पंचनामा व्हावा आणि त्याची नोंद सर्वांस पाहावयास खुली असावी.

यात गरिबाची रिक्षा हकनाक जाईल, ही शंका रास्त आहे. आजारपणामुळे वा थकलेल्या हप्त्यांमुळे ज्याची गाडी उभी राहिली, तो मालक बेजबाबदार ठरत नाही. म्हणूनच वाहनावर नोटीस चिकटवून, क्रमांक कार्यालयाच्या फलकावर लावून पुरेशी मुदत द्यावी व दावा करणाऱ्यास सवलतीने वाहन परत न्यावयाची मुभा असावी. त्यानंतरही वारस न मिळाल्यास मात्र कायदेशीर लिलाव करून, २०२१ च्या नियमांनुसार नोंदलेल्या भंगार केंद्राकडेच ते वाहन जावे. एका रस्त्यावरील सांगाडा दुसऱ्या रस्त्यावर नेऊन ठेवणे हा बंदोबस्त नव्हे.

तिन्ही संस्थांच्या सर्वसाधारण सभांनी येत्या मृगापूर्वी असा ठराव करावा, आणि तो झाला की नाही, हे प्रत्येक प्रभागातील मतदारांनी आपल्या सदस्यास समक्ष विचारावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक करदाता, कर्जत (जि. रायगड)