लिटरला किती झाडं?

मराठी मध्यमवर्गीय माणूस बायकोला, साहेबाला आणि घरमालकाला वचकून असेल. कार्बोरेटरला मात्र तो कधीच वचकला नाही. स्कूटरच्या जमान्यात रविवारी सकाळी आपण सारे बनियनवर अंगणात बसून एकच स्क्रू पिळत होतो, आणि हेतूही एकच : 'ॲव्हरेज' वाढावं! स्कूटरी गेल्या, खोड गेली नाही. आता तिला पेट्रोलवर चालणारं, लाकूड कापायचं कटर सापडलंय.

जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने कोकणातल्या वाड्या आडव्या केल्या. तेव्हापासून आमच्या ओळखीच्या प्रत्येक वाडीत एक कटर आहे आणि प्रत्येक कटरमागे किमान तीन तज्ज्ञ. कटर सुरू होत नाही? पिळा स्क्रू. धूर येतो? पिळा स्क्रू. एअर फिल्टरवर भुशाचा थर आहे, टाकीत गेल्या उन्हाळ्यातलं पेट्रोल आहे, प्लग काजळलाय, तिकडे कुणी बघायचं नाही. चोंदलेल्या फिल्टरवर स्क्रू लावून घेतला आणि मग फिल्टर धुतला, की सगळा हिशेब चुकलाच म्हणून समजा!

स्क्रू तीन. 'एल' मंद गतीचा, 'टी' कटर नुसतं धुगधुगत असताना साखळी फिरू नये म्हणून, आणि 'एच' भर वेगाचा. पहिल्या दोघांशी खेळलात तर कटर रुसेल. माझं भांडण आहे ते 'एच'शी खेळणाऱ्यांशी. कारखानदाराने बिचाऱ्याने त्यावर टोप्यासुद्धा घालून पाहिल्या. आपल्या मंडळींनी त्या पहिल्याच दिवशी उपटल्या.

'एच' घड्याळाच्या दिशेने पिळला की पेट्रोल कमी होतं, आवाज तीक्ष्ण होतो आणि जमलेले लोक म्हणतात, "वा! आता कसं पळतंय!" अहो, ते पळत नाहीये, तापात बरळतंय! टू-स्ट्रोक इंजिनाला तेल वेगळं मिळत नाही. लिटरभर पेट्रोलात वीस-पंचवीस मिलिलिटर घातलेलं असतं, त्यावरच त्याचा संसार. तुम्ही पेट्रोल तोडलंत म्हणजे तेलही तोडलंत. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारा पिस्टन कोरडा पडतो, तापतो, सिलिंडरला चिकटतो. मग एकदम शांतता. दुरुस्तीचा आकडा ऐकून मालकही तसाच शांत.

निरोगी कटर भर रेसला, लाकडाबाहेर, जरा घोगरंच बोलतं. गुळण्या केल्यासारखं, किंचित अडखळत. लाकडात शिरलं की त्याचा गळा साफ होतो. तो घोगरेपणा म्हणजे जास्तीचं पेट्रोल, आणि तेच इंजिनाला गार आणि ओलं ठेवतं. इंजिन गरम करा, फिल्टर स्वच्छ ठेवा, रेस दोन-चार सेकंदच द्या आणि कानाने ऐका. गाण्याच्या मैफलीत समेवर मान हलवणाऱ्या माणसांना एवढं जमू नये?

त्यात आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं. त्याने मिश्रण आधीच पातळ होतं; म्हणजे हा स्क्रू आवळायचा नाही, उलट थोडा सैल करायचा. परवा एका गृहस्थांना मी हे सगळं अर्धा तास समजावून सांगितलं. स्क्रू ड्रायव्हर खाली न ठेवता त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"ते सगळं ठीक आहे हो, पण लिटरला झाडं किती देतं?"