ऑपरेशनला विमा आहे, व्यायामाला नाही!

लालबाग-परळमध्ये गुडघ्यांच्या खालोखाल आता खांद्यांची चर्चा असते. एमआरआयच्या रिपोर्टवर 'पार्शियल टेअर' लिहिलेलं असतं आणि घरचे हबकलेले असतात. फाटलंय म्हणजे शिवायलाच हवं ना?

नाही हो. खांद्याला चार स्नायूंच्या कंडरांचं वेष्टन असतं, तो रोटेटर कफ. त्यातली कंडरा अर्धवट फाटली की पार्शियल टेअर. वयानुसार ती झिजतेच. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय काढले होते. साठीपुढच्यांपैकी ५४ टक्के लोकांचा कफ फाटलेला निघाला, कुणाचा अर्धवट, कुणाचा पूर्ण. दुखत मात्र कुणाचंच नव्हतं!

म्हणून बहुतेकांना आधी काही महिने नीट फिजिओथेरपी. तरीही भागलं नाही, अर्ध्याहून जास्त जाडी फाटलेली असली, किंवा थरावरून पडलेला तरणा गोविंदा असला, तर दुर्बिणीतून टाके घालण्याचा विचार. तिथे ऑपरेशन हवंच, माझा त्याला विरोध नाही.

माझा राग वेगळा आहे. आमच्या चाळीतल्या एक मावशी डबे करतात. रोज कणकेचा डोंगर. त्यांना व्यायाम सांगितला, पण दर खेपेला पैसे खिशातून. मेडिक्लेमवाला म्हणाला, ॲडमिट झालात तर बघू. सरकारी ओपीडी सकाळची, म्हणजे त्या दिवसाचे डबे बुडाले. चार खेपांनंतर मावशींनी जाणं सोडलं. आता त्या विचारतात, "ऑपरेशनच करून टाकू का रे? त्याला तरी पैसे मिळतात."

टाके घातल्यावर चार-सहा आठवडे हात झोळीत आणि पुढे काही महिने तोच व्यायाम असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. 'सचिनने नाही का केलं' म्हणणारे भेटतात. २००६ च्या मार्चमध्ये लंडनला त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि सप्टेंबरमध्ये त्याने क्वालालंपूरला नाबाद १४१ केल्या, खरंय. पण त्याला मधल्या काळात डबे करायचे नव्हते.

महात्मा फुले योजनेचाही भर दाखल होऊन करायच्या उपचारांवरच. पालिकेने एफ-दक्षिण वॉर्डातल्या दवाखान्यांत संध्याकाळी सात ते नऊ फिजिओथेरपिस्ट बसवावा. एक खाट, रबरी पट्टे, भिंतीला कप्पी-दोरी, याहून फार काही लागत नाही. नगरसेवक दारी येतील तेव्हा गटार-पाण्यासोबत हेही विचारा.