मानसरोवराचे पाहुणे आपल्या तालुक्यात

हल्ली लासलगावातूनही लोक लडाखला जातात. फोटो टाकतात, "तिथले पक्षी बघायला हवेत" असे सांगतात. जायलाच हवे, माझे काही म्हणणे नाही. पण त्या उंच डोंगरांपलीकडचे पक्षी हिवाळ्यात आपल्या निफाड तालुक्यात उतरतात, हे यांच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूर मध्यमेश्वर आपल्याला दुचाकीच्या अंतरावर आहे. बंधारा बांधला सिंचनासाठी. त्यात गाळ साचला, बेटे झाली, उथळ पाणथळ झाली, आणि माणसाची जी अडचण तेच पक्ष्यांचे घर ठरले. 1986 मध्ये तिथे अभयारण्य झाले. पुढे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ हा मानही त्याला मिळाला. तिथे येणारे चक्रवाक आणि पट्टकादंब लडाख-तिबेटच्या तलावांवर पिल्ले वाढवतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो. विरळ हवेतला प्राणवायू धरून ठेवणारे रक्त त्याला लाभले आहे.

सलीम अली 1945 मध्ये पक्षी पाहायला कैलास-मानसरोवरापर्यंत गेले. त्या प्रवासावरच्या लेखाला त्यांनी नाव दिले ते 'पक्षिशास्त्रीय तीर्थयात्रा' अशा अर्थाचे. याच सलीमभाईंनी नांदूर मध्यमेश्वरला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले, असे सांगतात.

पक्षीनिरीक्षण हा सुखवस्तू लोकांचा चोचला, असे आमच्या मोहल्ल्यात सर्रास ऐकू येते. त्यांना सलीम अलींचे बालपण सांगावेसे वाटते. आईवडील लहानपणीच गेले, मामाने सांभाळले. छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही मुसलमानाला खायला चालेल का, अशी शंका आली म्हणून पोरगा मामाकडे गेला. मामालाही पक्षी ओळखता येईना. त्यांनी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत पाठवले. "खायचा की नाही?" हा प्रश्न घेऊन निघालेला मुलगा "हा कोण?" हा प्रश्न घेऊन परतला आणि जन्मभर त्याच प्रश्नामागे फिरला. हा वारसा आपलाही आहे. तो घ्यायला दौलत नको. पहाटे उठण्याची तयारी, एक वही आणि उसनी दुर्बीण पुरते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने, मराठी असो वा उर्दू, हिवाळ्यातली एक सकाळ नांदूर मध्यमेश्वरला काढावी. सहली दूरच्या गडकिल्ल्यांना जातात, तशी एक इथेही जावी. कारण ही निव्वळ मौज नाही. गोदावरी नाशिक शहरातून येते, ती शहराचे सांडपाणी आणि पाणवेली घेऊनच. रामसरची पाटी ते पाणी स्वच्छ करणार नाही. ज्या पोराने पट्टकादंब डोळ्यांनी पाहिला आहे, तो उद्या ग्रामसभेत उभा राहून पाण्याबद्दल जाब विचारेल. ज्याने पाहिलाच नाही, त्याला काय गेले याचा पत्ताही लागणार नाही.

हिमालय ओलांडणे त्या पक्ष्याला जमते. इथवर पोचल्यावर त्याला टेकायला चांगले पाणी देणे एवढेच आपल्या वाट्याला आले आहे.