दुसऱ्याच्या खुर्चीत बसून शिकायचं राजकारण

शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांत आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय खेळातून शिकवायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. आज आपली मुलं परीक्षेपुरत्या नोट्स पाठ करतात आणि जगाचं राजकारण शिकतात व्हॉट्सॲपवर. तिथे एक बाजू आपली, दुसरी शत्रूची. त्यातही मुसलमान तरुणाला मत कुणी विचारत नाही. तू कोणत्या बाजूचा, एवढंच विचारतात.

खेळ दुसऱ्याच्या खुर्चीत बसवतो. सुरुवात आपल्याच पाण्यापासून करावी. शिरूरची घोड नदी भीमेला मिळते; भीमा दौंडवरून उजनी धरणात आणि पुढे कर्नाटकात जाते. वर्गाचे पाच गट करा: पुणे शहर, शिरूर, दौंड, सोलापूर, कर्नाटक. भूमिका चिठ्ठ्या टाकून द्या आणि तिसऱ्या फेरीत दुष्काळ पाडा. शिरूरच्या मुलीला सोलापूरची बाजू लढवावी लागली, की ‘वरचे पाणी सोडत नाहीत’ या तक्रारीतलं दुखणं तिला कळेल.

हीच तक्रार राज्याराज्यांत पेटली, तेव्हा 1969 मध्ये कृष्णा पाणीतंटा लवाद नेमावा लागला. 1976च्या निवाड्यात महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्र प्रदेशाला 800 टीएमसी पाणी मिळालं. इथून सिंधू करार एका पावलावर आहे. 1960चा हा करार 1965 आणि 1971च्या युद्धांतही टिकला. एप्रिल 2025 मध्ये भारताने तो स्थगित केला. शत्रूशी केलेला करार इतकी वर्षं का पाळला गेला, हा प्रश्न खेळलेल्या मुलांना आपोआप पडेल.

पुढची पायरी ‘डिप्लोमसी’ या खेळाची. 1959 मध्ये बाजारात आलेल्या या खेळात पहिल्या महायुद्धाआधीच्या युरोपातल्या सात सत्ता आहेत. फासे नाहीत, बोलणी, वचनं आणि दगाबाजी यांवरच सगळं चालतं. तुर्कस्तानच्या खुर्चीत बसलेल्याला लवकरच कळतं, की रशियाशी जुळवून घ्यायचं की ऑस्ट्रियाशी, हे धर्म ठरवत नाही. भूगोल आणि गरज ठरवतात.

मात्र खेळ संपला की तास संपवू नये. मी सॉफ्टवेअर लिहितो. नियम कोण लिहितो यावर निकाल बराचसा ठरतो, हे रोज पाहतो. ‘डिप्लोमसी’च्या पटावर सीरिया आणि आर्मेनिया ही फक्त सैन्य हलवायची घरं आहेत. तिथल्या माणसांना खुर्चीच नाही. आपल्या पाण्याच्या खेळातही उजनीचे विस्थापित आणि भूमिहीन मजूर कुठे आहेत? हे मुलांना विचारलंच पाहिजे, नाहीतर आपण फक्त चलाख खेळाडू तयार करू.

खुर्ची न मिळालेल्यांत आपण स्वतःला चटकन ओळखतो. पण आपल्या जमातीच्या बैठकीत किती मुलींना खुर्ची असते, हेही त्याच तासाला विचारावं. या सगळ्याला पुठ्ठा, चिठ्ठ्या आणि दोन तास पुरतात. प्राध्यापक तयार नसतील, तर मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत एका रविवारी आपणच सुरुवात करू.