आधी लाइटबिल

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांच्या काळात, 1915 मध्ये उभी राहिलेली ती वास्तू. साऱ्या महाराष्ट्रात हळहळ झाली, मंत्री धावले, नटमंडळी ढसाढसा रडली, पुनर्बांधणीसाठी निधीही जाहीर झाला. योग्यच झालं. पण आगीत संपणाऱ्या संस्था थोड्या. बाकीच्या गुपचूप बंद पडतात. पखवाजाची पुडी फाटते, ती बदलायची राहते. पेटीचा एक सूर दबतो, मग दुसरा. खोलीचं भाडं थकतं, साहित्य कुणाच्या तरी माळ्यावर जातं आणि पुढच्या वर्षी कुणीतरी विचारतं, ‘‘यंदा बसला नाहीत का तुम्ही?’’

मन्नाएखेळ्ळीच्या पट्ट्यात हे फार सहज घडू शकतं. हुमनाबाद मागं टाकून पुणे-हैदराबाद महामार्गानं जहिराबादकडं निघालं की हे गाव लागतं. बिदरचा रस्ता इथंच महामार्गाला मिळतो. जिल्हा बिदर, पलीकडं कलबुर्गीची हद्द, पुढं तेलंगण. बाजारात कन्नड, मराठी, दख्खनी आणि तेलुगू एकाच सौद्यात ऐकू येतात. भजनी मंडळं, गोंधळी, भालकीजवळच्या खानापूरच्या मैलार मल्लण्णाला जाणारे वाघ्या-मुरळी, तांड्यांवरचे लंबाणी नाच, मोहरमचे ताशे, एवढी सगळी कला या भागात नांदते. तिच्यासाठी थिएटर नाही. देवळाची ओसरी, समाजमंदिर किंवा शाळेचा व्हरांडा, एवढीच तिची वास्तू.

हा मुलूख तुरीचा. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खेड्यातली वर्गणी आजही बऱ्याच ठिकाणी राशीवर ठरते. खळं झालं की देऊ, असा शब्द असतो आणि तो पाळलाही जातो. पण 2022 च्या हंगामात कलबुर्गीच्या तुरीवर मर रोग आला, 2025 च्या पावसाळ्यात अतिवृष्टीनं उभी पिकं पाण्यात गेली. अशा साली घरखर्चातून सगळ्यात आधी मंडळाचा आकडा कापला जातो, आणि त्यात कुणाचा दोष नाही. दोष असलाच तर आपला, कारण वर्षभराचा खर्च एका पिकाच्या भरवशावर आपणच टाकतो.

सीमेवरच्या मराठी मंडळांचं आणखी एक दुखणं आहे. बेंगळुरूचं संस्कृती खातं नावातच कन्नड घेऊन बसलेलं, आणि मुंबईच्या योजना महाराष्ट्रात नोंदलेल्या संस्थांच्या हिशेबानं आखलेल्या. सीमाभागातली 865 गावं महाराष्ट्रात घेण्याचा ठराव डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानं एकमतानं केला, पण ठरावानं तबल्याला शाई चढत नाही. दोन्ही राज्यांना कवेत घेणारं दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र नागपुरात आहे. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण तिन्ही त्याच्या कक्षेत येतात. या पट्ट्यातल्या मंडळांनी पहिला अर्ज तिकडं का करू नये?

आता आपल्याच गोटातली गोष्ट. संस्था अडचणीत आली की आपल्याला एकच उपाय सुचतो, मदतीचा कार्यक्रम. त्याची वही एकदा उघडून पाहा. मंडप, साउंड, जनरेटरचं डिझेल, टेम्पो, फ्लेक्स, पाहुण्यांची शाल-श्रीफळं, दोन वेळचं जेवण, आणि जे मदतीला आले त्यांच्यासाठी स्मृतिचिन्हं. एवढं वजा झाल्यावर जे उरतं त्यात खोलीचं थकलेलं भाडंसुद्धा निघत नाही. तिकिटं घेणारे कोण? मंडळाचे सभासद, त्यांचे मेहुणे आणि ज्यांना नाही म्हणता येत नाही असे दुकानदार. त्यांनी तेच पैसे गुपचूप वर्गणी म्हणून दिले असते तर सगळेच्या सगळे कामाला आले असते.

जुलै 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले. तो प्रयोग आपण सगळे आदर्श म्हणून सांगतो. पण तिथं दोन सूर्य एका रंगमंचावर होते आणि फंड देशाचा होता. तीनच महिन्यांत केशवराव गेले. त्यांनी 1908 मध्ये हुबळीत काढलेली ललितकलादर्श ही नाटक कंपनी मात्र पुढं चालली, कारण बापूराव पेंढारकरांनी आणि नंतर भालचंद्र पेंढारकरांनी ती रोजचा संसार म्हणून चालवली. त्या संसाराची गोष्ट आपण कमी सांगतो.

मदतीच्या कार्यक्रमाचा याहून मोठा तोटा आहे. ‘‘आपल्याच माणसांचं आहे, मानधन कसलं?’’ हे वाक्य आपण मोठ्या मनानं म्हणतो. म्हणणारा बहुतेक वेळा शिक्षक, बँकेतला किंवा पेन्शनर असतो. त्याच्या शेजारी हलगी घेऊन बसलेल्याचा त्या दिवशीचा रोजगार बुडालेला असतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. शिवाय वहीत कलेच्या खर्चापुढं शून्य लागतं. पुढच्या वर्षी अनुदान मागायला किंवा गावातल्या एखाद्या व्यापाऱ्यापुढं बसायला गेलं, की तोच शून्य आपल्या अंगावर येतो. ‘‘गेल्या वर्षी फुकट झालं होतं की!’’ यावर उत्तर नसतं.

म्हणून या मासिकाचं मत असं, की फुकट वाजवू नका. मानधन घ्या, अगदी लहान का होईना. परवडत असेल तर त्याच संध्याकाळी ते देणगी म्हणून परत करा आणि पावती फाडून घ्या. वहीत दोन्ही बाजू दिसतील, खर्चही आणि देणगीही. हलगीवाल्याचं मात्र परत घेऊ नका. हा पोरखेळ वाटेल, पण संस्थेची खरी किंमत कागदावर यायला दुसरा मार्ग नाही.

कागदाचा कंटाळा आपल्याकडं उपजत आहे, तो थोडा सोडावा लागेल. कर्नाटकात 1960 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण मिळून नोंदणी करता येते. त्यानंतर दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि हिशेब दाखल करावे लागतात. हे काही वर्षं राहिलं की अनुदानाचं दार बंद समजा. दोन हजारांवरची देणगी रोख घेतली तर देणाऱ्याला आयकरात सवलत मिळत नाही. तेव्हा मंडळाचं बँक खातं हवं, खजिनदाराच्या खिशानं काम भागणार नाही.

टिकलेल्या संस्था लांब नाहीत. हुमनाबादशेजारी माणिकनगरला माणिक प्रभूंचं संस्थान आहे. माणिक प्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदी अशा भाषांत पदं रचली. 1865 मध्ये त्यांनी समाधी घेतली, तरी मार्गशीर्षातला दत्तजयंतीचा उत्सव आणि त्यातलं गाणं आजही चालू आहे. तिथी ठरलेली, जागा ठरलेली, माणसं न बोलावता येतात. लहान मंडळाला संस्थानाची ऐपत नसते हे खरं, पण ठरलेली तिथी त्यालाही परवडते. थोडं लांबचं उदाहरण घ्यायचं तर शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडूचं नीनासम 1949 पासून आहे. सुपारी पिकवणाऱ्या गावातली ही संस्था. 1980 मध्ये तिनं नाट्यशाळा काढली, 1985 पासून ‘तिरुगाट’ ही फिरती नाटकमंडळी सुरू केली. तिचे संस्थापक के. व्ही. सुब्बण्णांना 1991 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो नंतर, आधी चार दशकं गावाला संस्थेची सवय लावण्यात गेली होती.

तेव्हा मदत करायचीच असेल तर दरमहा करा, आणि अटीविना करा. हार्मोनियम भेट देणारा दाता सहज मिळतो, कारण तिच्यावर नाव कोरता येतं. लाइटबिलावर नाव कोरता येत नाही, म्हणून ते भरणारा मिळत नाही. मुलगा पुण्या-हैदराबादला नोकरीला असलेल्या प्रत्येक घराला मंडळानं एवढंच विचारावं, महिन्याला शंभर रुपये खात्यावर टाकाल का? खळ्यावरची वर्गणी आली तर शिलकीत, नाही आली तरी दिवा चालू.

वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या मंडळाचे सभासद आहात. या वर्षीची वर्गणी भरली नसेल तर हा अंक बाजूला ठेवून ती आधी भरा, आणि पावती मागून घ्या.