परतीचे भाडे कोणाचे?

‘चक्रीय पुरवठा साखळी’ या शब्दाला अलीकडे उद्योगपतींच्या परिषदांत आणि सरकारी अधिसूचनांत सारखीच प्रतिष्ठा लाभली आहे. वापरलेली वस्तू फेकून न देता ती पुन्हा कारखान्याच्या दारी आणावयाची, हा त्यातील मूळ विचार. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. प्लास्टिकच्या वेष्टनांबाबत २०२२ साली नियम कडक झाले, इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून आणि मोडीत निघणाऱ्या वाहनांचे १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. जबाबदारी उत्पादकावर आली. परंतु वस्तू आपल्या पायांनी परत येत नाही. तिला ट्रक आणतो. आणि त्या ट्रकवाल्याच्या पदरात काय पडते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

ट्रकधंद्याचे गणित परतीच्या भाड्यावर उभे असते. जातानाच्या भाड्यातून डिझेल, टोल, वाराई आणि बँकेचा हप्ता भागतो. घरी काही न्यावयाचे तर परतीला माल मिळावा लागतो. एकदोन गाड्यांचा मालक त्यासाठी अड्ड्यावर दोन दोन दिवस थांबतो, दलालाला दलाली देतो, पडेल भावाने माल भरतो. ही व्यवस्था आदर्श होती असे कोणी म्हणणार नाही. तरीही परतीचा माल कोणाचा घ्यावयाचा, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडे होते.

चक्रीय साखळीत नेमके तेच जाते. माल पोहोचविल्यावर रिकामे क्रेट, पिंपे, परत आलेला सदोष माल घेऊनच यावयाचे, अशी अट करारात येते. ‘गाडी नाही तरी रिकामीच येणार होती,’ हा त्यामागील युक्तिवाद. वास्तविक रिकाम्या फेरीचा खर्च वाचला, तो वाचविला ट्रकने. पण त्या बचतीवर हक्क कंपनी सांगते. शिवाय रिकामी पिंपे वा मोकळे पत्र्याचे भंगार जागा पुष्कळ व्यापते आणि वजन थोडे भरते. भाडे टनावर ठरलेले असेल तर गाडी काठोकाठ भरूनही हिशेब अर्धाच बसतो. गोळा करण्याची ठिकाणे चार असली की खोळंबाही चौपट, आणि त्याची भरपाई बिल्टीत लिहिलेली नसते.

याउलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. स्वयंपाकाच्या गॅसचे १४.२ किलोचे सिलिंडर भरलेले जातात, रिकामे परत येतात; हे चक्र ‘चक्रीय’ शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून फिरते आहे. तेथे सार्वजनिक तेल कंपन्यांच्या वाहतूक करारांत जाऊन येऊन होणारे अंतर हिशेबात धरण्याची पद्धत आहे. त्या करारांतही तक्रारी आहेतच, परंतु परतीची फेरी हे काम आहे, एवढे तरी तेथे मान्य झालेले आहे.

जालन्याच्या भट्ट्या भंगार व स्पंज आयर्न वितळवितात आणि त्यातून सळ्या निघतात. सळ्या घेऊन गेलेल्या गाडीला परतीला भंगार मिळणे ही सोयच. मात्र भंगाराच्या व्यापारात खोट्या बिलांचा सुळसुळाट आहे, आणि वस्तू व सेवा कर कायद्याच्या १२९ व्या कलमानुसार मालाबरोबर वाहनही अडकवून ठेवता येते. बिल व्यापाऱ्याचे, गाडी अडकते ट्रकवाल्याची.

कामगार कायद्याचे काय? १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता. एका गाडीचा ड्रायव्हर आणि क्लीनर तेव्हाही त्याच्या बाहेरच होते. २०२० च्या संहितेने ही मर्यादा दहावर नेली. म्हणजे कामाची फेरी लांबली आणि कायद्याची सावली आखडली. याच महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून, कायम मालक नसलेल्या हमालालाही मंडळामार्फत संरक्षण देता येते, हे दाखविले होते!

अखेर ट्रक स्वतःच चक्रात जातो. २०२१ च्या धोरणाने जुन्या वाहनाला नव्याच्या शोरूममधील (एक्स-शोरूम) किमतीच्या ४ ते ६ टक्के मोडीची किंमत आणि नव्या व्यापारी वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट सुचविली. सूट नवी गाडी घेणाऱ्याला. जो आयुष्यभर दुसऱ्या हाताचीच गाडी घेत आला, त्याचे भांडवल भट्टीत जाते आणि सवलत मोठ्या ताफेवाल्याच्या खात्यावर जमा होते.

ट्रकमालकांच्या संघटना डिझेल आणि टोल यांवर वेळोवेळी चक्का जाम करतात. परतीच्या फेरीचा स्वतंत्र दर, खोळंब्याचे तासागणिक पैसे आणि हलक्या मालाला टनाऐवजी फेरीवर भाडे, या तीन गोष्टी बिल्टीवर लिहून घेण्याची मागणी त्यांत अद्याप ठळकपणे आलेली नाही. ड्रायव्हर तर त्या बैठकांना बोलाविलाही जात नाही. कार्यकर्त्यांना सुरुवात करावयाची असेल तर ती जालना, कळंबोली वा वाडीच्या अड्ड्यावर त्याच्यापासून करावी लागेल.